दोन माणसांचा पगार आणि पेन्शनचा कागद

इंग्लंडमध्ये लेस्टरला माझं डब्यांचं छोटं किचन आहे. त्यात या वर्षी पहिल्यांदाच दोन माणसं पगारावर ठेवली आणि इथल्या कायद्याने मला एक सक्त मनाई केली आहे, हे कळलं. "पेन्शन नको म्हण, हातात चार पैसे जास्त येतील," असं मी माझ्या माणसाला नुसतं सुचवायचंही नाही. मालकाने तसं आडून बोलणंसुद्धा बेकायदेशीर धरलं जातं.

विषय निघाला तो पोळ्या करायला येणाऱ्या गुजराती बेनमुळे. चोपन्न वर्षांच्या आहेत, हात सोन्यासारखा. इथल्या किचनमध्ये कित्येक वर्षं राबल्या, पण रोखीवर. त्यांनी पहिली पे-स्लिप पाहिली ती माझ्याकडे. पेन्शनची कपात दिसली आणि लगेच म्हणाल्या, "ताई, हे काढून टाक ना."

मला ते काढता येत नाही. बावीस वर्षांपुढचा, सरकारी पेन्शनच्या वयाखालचा आणि वर्षाला १०,००० पौंडांवर कमावणारा प्रत्येक कामगार आपोआप योजनेत जातो, मग दुकानात एकच माणूस का असेना. २०१२ मध्ये मोठ्या कंपन्यांपासून हे सुरू झालं आणि २०१८ पर्यंत आमच्यासारख्या छोट्यांपर्यंत पोचलं. बेनना महिन्याला १,५०० पौंड पगार आहे. त्यातले पहिले ५२० सोडून उरलेल्या ९८० वर पाच टक्के त्यांच्या बाजूने, म्हणजे ४९ पौंड, आणि त्यातही थोडा वाटा करसवलतीचा. तीन टक्के माझे, २९ पौंड ४० पेन्स. नको असेल तर महिन्याभरात बाहेर पडता येतं, कापलेले पैसेही परत मिळतात. पण त्याचा फॉर्म त्यांनी स्वतः पेन्शन कंपनीकडून घ्यायचा, मी पुढे करायचा नाही. आणि बाहेर पडल्या तरी साधारण तीन वर्षांनी मी त्यांना पुन्हा आत घालायचं! मालकाच्या जिभेवर इतका विचार करून लगाम घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला तो मनापासून आवडला.

सांगलीला फोनवर हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, "दोन माणसांसाठी एवढा खटाटोप?" त्याचं बरोबर आहे, आपल्याकडे पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो. दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दुकानात चार जण होते, त्यामुळे पीएफचा प्रश्नच आला नाही. पण म्हणून दादांनी माणसं वाऱ्यावर सोडली, असं कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. मुलीच्या लग्नाला उचल, आजारपणात दवाखान्याचं बिल, दिवाळीला एक पगार जादा, हे सगळं झालं. इथे कुठला मालक कामगाराच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहतो?

तरीही एक गोष्ट खरी आहे. दादा देत होते ते त्यांच्या मनावर होतं. उद्या माझं मन बदललं, धंदा बुडाला, तरी बेनचे पेन्शनचे पैसे त्यांच्याच नावावर राहतील.

बाकी पेरोलचं काम नेमाने केलं तर जड नाही. पहिल्या पगाराआधी एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, मालक म्हणून नोंदणी करायची. दर पगाराचा तपशील पैसे देण्याच्या दिवशी किंवा त्याआधी ऑनलाइन पाठवायचा, नंतर चालत नाही. नऊ माणसांपर्यंत त्यांचंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षेचा हप्ता, पंधरा टक्के आहे, ऐकून धडकी भरते, पण छोट्या धंद्याला वर्षाला १०,५०० पौंडांपर्यंत माफी आहे, त्यामुळे सध्या माझ्या खिशातून त्यापोटी काही जात नाही.

पगाराच्या या नोंदीचं मोल बेनना सांगायला मला पूर्ण मुभा होती, ते मी सांगितलं. इथली सरकारी पेन्शन मिळायला निदान दहा वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची नोंद लागते, पूर्ण मिळायला पस्तीस. रोखीवर राबलेली त्यांची वर्षं त्यात कुठेच नाहीत. ज्यांनी त्यांना तसं राबवलं त्यांचा मला राग येतो, आणि ती आपलीच, देशी माणसं होती याचा जास्त. रोख मिळते म्हणून खूश राहणाऱ्या बाईचं म्हातारपण कोरं ठेवलं त्यांनी. आता सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत, म्हणजे सदुसष्टपर्यंत, तेरा वर्षं हातात आहेत, दहा नक्की भरतील.

कपातीचं मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मुलाशी बोलते म्हणाल्या. पेन्शन कंपनीचं पत्र त्यांच्याकडे आहे, त्यावर फोन नंबर आहे, महिन्याची मुदत आहे. मी काही बोलणार नाही.