तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार भागीदार असताना कुरकुर कशाची?

"मालक सरकार आहे, कंपनी बुडणार नाही, लाभांश येतो, मग तक्रार कसली?" बडोद्याच्या दांडिया बाजारात ओळखीचे कोणी भेटले की माझ्याकडच्या सरकारी कंपन्यांच्या शेअरबद्दल हेच विचारतात. कंपनी बुडेल असे मी कधीच म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की अशा कंपनीत लहान भागधारकाच्या शब्दाला वजन नसते आणि योग्य भावाने बाहेर पडण्याची खात्रीही नसते.

बडोदेकरांनी तरी हे विसरू नये. 2002 मध्ये केंद्राने आपल्या बडोद्याच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीचा 26 टक्के हिस्सा रिलायन्सला प्रतिशेअर 231 रुपयांनी विकला, तेव्हा मालक बदलत असल्याने इतर भागधारकांसाठीही ओपन ऑफर, म्हणजे त्यांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव, आली. 2018 मध्ये एचपीसीएल या सरकारी तेल कंपनीतला सरकारचा 51.11 टक्के हिस्सा ओएनजीसी या दुसऱ्या सरकारी कंपनीने बाजारभावाहून सुमारे 14 टक्के चढ्या दराने घेतला. 36,915 कोटी रुपये सरकारकडे गेले, पण अंतिम मालक सरकारच राहिल्याने एचपीसीएलच्या इतर भागधारकांना तो दर देण्याचे बंधन कोणावर आले नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार ओएनजीसीच्या भागधारकांनी वाहिला, हे वेगळेच.

एका सरकारी कंपनीच्या वार्षिक सभेत मी उभा राहून विचारले होते, की आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सरकारी कंपनीत आपला पैसा का गुंतवला. अध्यक्षांनी "शासनाचे धोरण आहे" एवढे सांगून पुढचा विषय पुकारला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बसा हो, मते त्यांचीच आहेत." मला राग आला तो अध्यक्षांचा नव्हे, या गृहस्थांचा, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. खासगी प्रवर्तकाने, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य भागधारकाने, स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार केला, तर त्याच्या मंजुरीच्या ठरावावर त्याला बाजूने मत देता येत नाही. दोन सरकारी कंपन्यांमधील व्यवहारांना मात्र सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमांत त्या मंजुरीतूनच सूट आहे.

मग सरकारने सगळा हिस्सा विकून टाकावा, असे मी पूर्वी ठासून म्हणत असे. 2023 मध्ये गुजरात सरकारने आपल्या कंपन्यांना नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) 5 टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा लाभांश देण्यास सांगितले आणि त्यांचे भाव उसळले. तो लाभ मीही नाकारला नाही. पण तेव्हाही आम्हाला कोणी विचारले नव्हते. लाभांश सरकारला हवा होता, आमच्या वाट्याला तो ओघाने आला, आणि उद्या सरकारची गरज वेगळी असली तर तोही निर्णय आम्ही वर्तमानपत्रातच वाचणार. शेअर तरीही विकलेले नाहीत; का, ते मलाही नीट सांगता येत नाही.