तुम्ही विचारलंत म्हणून : जुना ‘र’ अजून का ठेवलाय?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. “सर, रक्कम आणि हप्ते अक्षरांत लिहून देणारी तुमची लायब्ररी चांगली आहे, पण ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’मधला र अजून जुन्याच पद्धतीने का निघतो? डिफॉल्ट बदला ना.” (लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड; डिफॉल्ट म्हणजे काही न सांगता आपोआप मिळणारं रूप.) विचारणारे बहुतेक तरुण असतात, हुशार असतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं. तिथेच तर माझी पंचाईत आहे. आजवर “बघतो” म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाचं लिहून टाकतो.

हा आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो (‘तऱ्हा’ लिहितानाही तोच आला बघा). टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावायचं. दुसरी तऱ्हा युनिकोड 2.0 च्या काळातली. जुना मजकूर मोडू नये म्हणून आजही चालते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आणि नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी एक होत नाहीत. मी दुसरी वापरली, कारण माझ्या तेव्हाच्या कीबोर्डमधून तीच उमटायची. त्यामागे यापेक्षा जास्त विचार नव्हता.

माझ्या लायब्ररीची 2.0 आवृत्ती काढताना ते सुधारलं, टिंबवाला ऱ घेतला. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला की मोडतोड चालते, हे सगळ्यांना मान्य आहे. मी नियमातच होतो. हे आधी सांगून ठेवतो.

मार्चअखेरीच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. रीडमीत, म्हणजे लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलीत, स्वतःचा नंबर देण्याचा उत्साह तेव्हा माझ्यात होता. पलीकडे एक बाई होत्या, तालुक्याच्या गावात राहून दोन-तीन पतसंस्थांचं सॉफ्टवेअर एकट्या सांभाळणाऱ्या. म्हणाल्या, “सर, पहिला हप्ता सापडतो. चौथ्यापासून पुढचे सगळे सापडतात. दुसरा आणि तिसराच सापडत नाही.”

मी हसलो. खरंच हसलो. त्या काही बोलल्या नाहीत.

झालं होतं असं. संस्थेने नवा सर्व्हर घेतला, त्यावर सगळं नव्याने बसवलं. माझ्या लायब्ररीचं नुसतं नाव लिहिलेलं होतं, आवृत्ती बांधलेली नव्हती; 2.0 येऊन बसली. त्यांचा रात्रीचा प्रोग्राम ‘तिसऱ्या हप्त्यापोटी’ अशी नोंद शोधायचा. जुन्या नोंदींत जुना र, शोधणारा र नवा. नोंद नाही म्हणजे हप्ता थकला, थकला म्हणजे दंडव्याज, आणि दंडव्याजाचा मेसेज थेट सभासदाच्या फोनवर. वेळेवर पैसे भरलेली माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी पावती घेऊन काउंटरवर उभी. बाई दिवसभर दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. संध्याकाळी अक्षरांचे कोड काढले तेव्हा एकात 0930 दिसला, एकात 0931.

मी काय म्हणालो? “चेंजलॉग (आवृत्तीतल्या बदलांची यादी) वाचला नाहीत का?”

“वाचला सर. त्यात ‘देवनागरीच्या किरकोळ दुरुस्त्या’ एवढंच आहे.”

पुढचे तीन दिवस त्या उलट नोंदी घालत बसल्या. सचिवांनी त्यांना सभासदांसमोर उभं करून माफी मागायला लावली. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मीच नंतर फोन करून “मिटलं का?” विचारलं, तेव्हा सहज बोलून गेल्या.

त्या रात्री मी फोन ठेवून स्वतःला जे पटवलं ते असं : शोध आकड्यावर घ्यायचा असतो, अक्षरांवर नाही. आवृत्ती बांधून ठेवायची असते. परवान्यात ‘जसं आहे तसं’ लिहिलंय, मी कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. यातलं एकही वाक्य आजसुद्धा खोटं वाटत नाही. फक्त दोन दिवसांनी मी माझं रीडमी उघडलं, आणि त्यातल्या पहिल्याच उदाहरणात मी हप्त्याचं नाव डिक्शनरीची की, म्हणजे नोंद शोधायची खूण, म्हणून वापरलं होतं. बाईंनी माझंच पाहून केलं होतं.

आठवड्याभरात 2.0.1 काढली. जुना र डिफॉल्ट, नवा हवा त्याने पर्याय द्यायचा. तेव्हापासून तसंच आहे.

विचारणारे म्हणतात, “डेप्रिकेशन वॉर्निंग (‘हे लवकरच बंद होणार’ अशी सूचना) द्या, दोन आवृत्त्या थांबा, मग काढा. वेबसाइटी बनवायच्या लायब्ररीचे ते जँगोवाले करतात की.” करतात, आणि ते व्यवस्थित करतात. पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्या वॉर्निंगा एरवी दाखवतच नाही, आणि रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या क्रॉनजॉबसमोर त्या वाचायला कोण बसलंय? लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बदल करताना युजरस्पेस, म्हणजे त्यावर चालणारे लोकांचे प्रोग्राम, मोडू देत नाहीत, ते मला कधीकाळी हट्टी वाटायचं. आता तसं वाटत नाही.

पण मग पायथन 3 चं काय, हा प्रश्न मीच मला विचारतो. 2008 मध्ये त्यांनी मोडलं, पायथन 2 चे बरेच प्रोग्राम 3 वर जसेच्या तसे चालेनात. पायथन 2 ची मुदत आधी 2015 होती, ती 2020 पर्यंत लांबवावी लागली. मधे 3.3 मध्ये मजकुरापुढे लावायचा यू हा काढून टाकलेला उपसर्ग मुकाट्याने परत आणला. मीही भरपूर शिव्या घातल्या. आणि तरीही, पायथन 2 मध्ये साध्या स्ट्रिंगमधल्या (मजकुरातल्या) ‘हप्ता’ची लांबी बाइट मोजून 15 यायची, 3 मध्ये 5 येते (डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, ते सोडा). त्यांनी माझ्यासारखी शेपूट घातली असती तर देवनागरीत काम करणारे आपण अजून बाइट मोजत बसलो असतो. म्हणजे मोडल्याचा सगळ्यात मोठा फायदा घेणारा मीच, आणि मोडायला नको म्हणणाराही मीच.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, आली. त्याच्या ॲपमध्ये लोक फोनवरून ‘तिसऱ्या’ टाइप करून शोधतात आणि काहीच सापडत नाही, कारण फोनचा र नवा आणि माझा जुना. तीच चूक, उलट्या दिशेने. त्याचा बदल (पॅच) नीट आहे, चाचण्या आहेत, चेंजलॉगमध्ये दोन्ही कोड लिहिलेत. मी दोनदा वाचला. त्या बाईंचा नंबर अजून आहे माझ्याकडे. आता कुठली आवृत्ती चालवतात, विचारायला फोन करावा का, ठरत नाही.

काल त्याने खाली लिहिलं, “सर, काही बदल हवेत का?”

अजून उत्तर दिलेलं नाही.