विचारपूस

दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली आणि मी चर्चच्या आवारात उभ्या उभ्याच मोबाइल उघडला. नळ्या लावलेल्या एका लहान मुलाचे छायाचित्र, शस्त्रक्रियेचा खर्च, बँकेचा खाते क्रमांक, संपर्काचा फोन नंबर आणि मदतीची कळकळीची याचना असा एक संदेश आला होता. नुकतेच दानधर्मावरचे प्रवचन ऐकले होते, मन भरून आले होते. मी तिथूनच दोन हजार रुपये पाठवले आणि तो संदेश ओळखीच्या चार ग्रुपवर टाकला. संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या, एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्यांनी एवढेच विचारले, "त्या नंबरवर तुम्ही फोन करून पाहिलात का?" मी केला, तेव्हा तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता. तोवर माझ्या शब्दावर विसंबून सहा जणांनी पैसे पाठवले होते आणि त्यांतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या होत्या.

माझा हेतू चांगला होता, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. पण ख्रिस्ती परंपरा हेतूपाशी थांबत नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार मुख्य सद्गुणांत विवेकाला पहिले स्थान दिले, कारण न्याय किंवा धैर्य नेमके कुठे, कसे आणि किती, हे ठरवण्याचे काम विवेकाचेच आहे. या विवेकाची त्यांनी तीन कामे सांगितली: आधी विचारविनिमय, मग निर्णय आणि शेवटी ठरले ते प्रत्यक्ष कृतीत आणणे. उतावळेपणाला ते दोष मानतात आणि त्यासाठी जिन्याची उपमा देतात. मागच्या अनुभवांचे स्मरण, समोरच्या गोष्टीची समज, पुढे काय होईल याचा अंदाज, थोरांचे ऐकण्याची तयारी या एकेक पायऱ्या असून त्या उतरत खाली यायचे असते; जो भावनेच्या भरात वरूनच उडी टाकतो तो उतावळा. त्या रविवारी मी अशीच उडी टाकली होती, आणि सहा जणांना हात धरून सोबत ओढले होते.

थोरांचे ऐकण्याची तयारी हा विवेकाचाच भाग का, याचे त्यांनी दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते. व्यवहारातल्या बारीकसारीक गोष्टींना अंत नाही. त्या सगळ्या एकट्याच्या ध्यानात येणे शक्य नाही. म्हणून अनुभवी माणसांना विचारावे. शिक्षिकाबाईंचा तो प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. पंडिता रमाबाईंचे आयुष्य तिच्या अगदी उलट साक्ष देते. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण त्यानंतरही त्या तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून धर्मतत्त्वांवर वाद घालत राहिल्या, आणि आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही ते केवळ कोणी सांगितले म्हणून मान्य करायला त्यांनी ठाम नकार दिला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ज्या वचनावर आपण जगतो ते मूळ भाषेत काय म्हणते, हे स्वतः तपासण्यासाठी उतारवयात एवढे कष्ट उपसणारी ही श्रद्धा मला कोणत्याही भाबडेपणापेक्षा खरी वाटते.

त्या सहा जणांचे पैसे मी परत केले. ती काही दया नव्हती, ते देणे होते. मावशी मात्र घेईनात. "चांगल्या कामाला म्हणून दिले होते, परत कसे घेऊ?" असे त्या म्हणाल्या. ते पैसे चांगल्या कामाला गेलेच नाहीत आणि ते माझ्यामुळे, हे त्यांच्या दारात उभे राहून स्वच्छ शब्दांत सांगावे लागले, तेव्हा त्यांनी नोटा घेऊन पदराच्या गाठीत बांधल्या. धैर्य हा सद्गुण मला त्या पाच मिनिटांत लागला.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांना हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्या मुलीने ग्रुपवर मदतीचे आवाहन लिहून माझ्याकडे पाठवले. मी ते पुढे पाठवले नाही. आधी शिक्षिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, ते पाहा आणि तिथल्या आरोग्यमित्राला गाठा." रुग्णालय या सरकारी मोफत उपचार योजनेत होते. योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधारकार्ड मागितले. आधार काकांच्या पाकिटातच होते, रेशनकार्ड घरी कपाटात. मी भर पावसात स्कूटर काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कार्ड आणले आणि खिडकीपाशी त्याच्या झेरॉक्स मुलीच्या हाती दिल्या. आवाहनाचा तो मजकूर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो पाठवण्याची वेळ आली नाही.