पोर्तो जवळ, विद्यार्थी विभाग लांब

सोलापुरात एमबीबीएस करताना महिनाभर पोर्तुगालला जाऊन आले हे कळलं की ज्युनिअर्स पहिलं विचारतात, सिलेक्शन कसं झालं? अगं, सिलेक्शनचं काय घेऊन बसलात! कॉलेजकडून एका पानाचं पत्र कसं मिळवलं ते विचारा.

सिलेक्शनचं उरकून टाकते. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आयएफएमएसए नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, १९५१ साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेला. भारताकडून त्यात मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे. व्यवहार एकास एक: आपल्यातला एक तिकडं, त्यांच्यातला एक इकडं. पोस्टिंग चार आठवड्यांचं. राहायची सोय आणि दिवसाला निदान एक जेवण यजमानांकडं. तिकीट, व्हिसा, विमा आपल्या खिशातून. फॉर्म भरला, पोर्तोच्या साव जुआव हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्ड मिळाल्याचं पत्र आलं, घरी पेढे वाटून झाले.

मग मी विद्यार्थी विभागात गेले.

माझी मागणी साधी होती. ही आमची विद्यार्थिनी आहे, थर्ड एमबीबीएस पार्ट वनच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत अमुक ते अमुक तारखेला जाणार आहे, आमची हरकत नाही. एवढं लेटरहेडवर, अधिष्ठात्यांच्या सहीशिक्क्यानं, इंग्रजीत. व्हिसाला ते लागतंच. टेबलावरच्या काकांनी अर्ज सावकाश वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "असलं पत्र आजवर कुणी नेलेलं नाही. नमुना असला तर घेऊन ये की."

कुणी नेलंच नाही तर नमुना कुठला? शेवटी मीच मसुदा तयार केला आणि टाईप करून आणला. तर तो आधी आवक करून घ्यायला हवा. आवक-जावकचं टेबल चालू असायचं तेव्हा आम्ही क्लिनिकला, आणि आम्ही सुटायचो तेव्हा त्या टेबलावर रजिस्टरवर रजिस्टर रचून वर पेपरवेट ठेवलेला. एका मैत्रिणीला प्रॉक्सी लावायला सांगून पळत गेले तेव्हा कुठं क्रमांक पडला. मग हजेरीचा मुद्दा निघाला. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के, हा नियम मलाही पाठ आहे. पण सुट्टीतल्या दिवसांची हजेरी कोण मांडतं? तरी प्रत्येक विभागातून "हजेरी समाधानकारक" अशी चिठ्ठी आणायला लावली. आणली.

यानंतर फाईल गायब. चौकशी केली की "वरती गेलीय." वरती म्हणजे कुठं? "वरती म्हणजे वरती." बऱ्याच दिवसांनी ती एका कपाटावर दिसली, तेव्हा अर्जाच्या समासात लाल शाईत लिहिलेलं होतं: "परदेश प्रवास. शासन मान्यता?" आणि खाली "सदर बाबतीत मार्गदर्शन मिळणेस विनंती." म्हणजे काय, तर सरकारी कर्मचाऱ्याला परदेशी जायला आधी परवानगी घ्यावी लागते, तो नियम कुणीतरी मला लावला होता. मी कसली कर्मचारी! स्टायपेंडसुद्धा इंटर्नशिपला सुरू होतो. हे मी काकांना समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण आता मार्गदर्शन मागवलंय म्हटल्यावर ते यायला पाहिजे."

तिकडं तारखा सरकत होत्या. पोर्तुगालला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळ्यात मुंबईच्या सेंटरला अपॉइंटमेंट मिळायची मारामार. आई सिद्धेश्वराला नारळ बोलून आली. बाबा रोज एकच विचारायचे, "कुणाला भेटायला हवं का?" या प्रश्नाची मला जास्त चीड यायची, कारण उत्तर बहुधा "हो" होतं.

सुटका केली मेडिसिनच्या सरांनी. राऊंड संपल्यावर मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, तर ते हसायला लागले. "१९३८ साली कोटणीस चीनला निघाले तेव्हा त्यांची फाईल कुठल्या कपाटावर होती गं?" वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले ते डॉक्टर कोटणीस सोलापूरचे, त्यामुळं असा टोमणा इथं कुणीही मारतं; पण सरांनी पुढं पेन काढलं. तीन ओळी लिहिल्या. ही विद्यार्थिनी आहे, कर्मचारी नाही. सुट्टीच्या काळात जात आहे. महाविद्यालयावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही. तिसरी ओळ वाचल्यावर काकांचा चेहरा बदलला तो मी बघत होते. "हे आधी लिहायचं की!" दुसऱ्या दिवशी सही. ती ओळ अर्जात अगदी वरती टाका, विषयाच्या खाली लगेच. आणि मूळ पत्राच्या चार प्रती शिक्क्यासह मागून घ्या. परत त्या टेबलासमोर उभं राहायचं नसेल तर.

व्हिसाचं विशेष काही नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, कागद दिले, बोटांचे ठसे दिले. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो ऑनलाइन घरबसल्या मिळाला. बघा, सगळ्यात परकं वाटणारं काम सगळ्यात सोपं.

पोर्तोत मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर हॉस्पिटलच्याच नावाचं स्टेशन आहे, चुकायचा प्रश्न नाही. भाषेची धास्तीही मला कमीच होती. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या पेशंटांच्या हिस्टऱ्या घेत सोलापुरात शिकलेल्या पोरीला खाणाखुणांचा संकोच नसतो.

इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तिथं आधी नर्स बघते आणि मनगटावर रंगीत पट्टा बांधते. याला म्हणतात मँचेस्टर ट्रायाज, म्हणजे कुणाला किती लवकर बघायचं ते ठरवायची पद्धत. लाल म्हणजे ताबडतोब, केशरी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. वेळा नेहमी पाळल्या जातात असं मुळीच नाही, हिरव्या पट्ट्याची माणसं तिथंही वैतागून बसलेली असतात. पण आपण रांगेत कुठं आहोत ते त्यांना माहीत असतं. माझ्या अर्जाला कुणी निळा पट्टा जरी बांधला असता तरी मी गप्प बसले असते.

एक गोष्ट मात्र मिरवणार आहे. धाप लागलेल्या एका आजींचा इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट ट्यूटर मॅडमनी झाकून ठेवला आणि आम्हाला ऐकायला सांगितलं. बाकीच्यांनी स्टेथोस्कोपची सपाट बाजू, डायफ्राम, टेकवला, खांदे उडवले. मी आजींना खुणेनं डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू, बेल, लावली, श्वास सोडून धरायला लावला, आणि दोन ठोक्यांमधला हलका घरघराट, मिड-डायस्टोलिक मरमर, स्पष्ट ऐकू आला. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेली. ऱ्हुमॅटिक हार्टचे, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापानं झडपा बिघडलेले पेशंट आपल्या वॉर्डात इतके येतात की कान तयार होतोच. मग मॅडमनी एकेकाला माझ्याकडून ते शिकून घ्यायला लावलं.

त्यांचं सरस काय, तर हात लावायच्या आधीचं सगळं. आपल्याकडं एका पोटावर दहा हात पडतात. तिथं मॅडम पडदा ओढायच्या, आमची नावं सांगायच्या, चालेल का विचारायच्या. एक आजोबा नाही म्हणाले. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि आम्ही पुढच्या खाटेकडं गेलो. ना कुणाला राग, ना आजोबांना समजावणं. याचं मला अजून नवल वाटतं. आता इंटर्नशिपमध्ये मी पडदा ओढते. वॉर्डात पडदा असला तर.

राहिलेलं सांगते. कॉलेजच्या रेकॉर्डला आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर तसं नसतं. पत्रात नाव पासपोर्टप्रमाणं टाईप करून घ्या. माझ्या पत्राचा जावक क्रमांक मी ज्युनिअर्सना देऊन ठेवलाय, म्हणजे नमुन्याचं कारण आता सांगता येणार नाही. आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचं नुसतं कार्ड चालत नाही, अँटी-एचबीएस टायटर मागतात, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट; आकडा १० च्या वर हवा. लसीचा कोर्स पुन्हा घ्यायची वेळ आली तर ०, १ आणि ६ महिने, म्हणजे अर्धं वर्ष तिथंच गेलं. टेस्ट आधीच करून टाका, बाहेरच्या लॅबमध्ये. तिला कॉलेजचं पत्र लागत नाही.