काएनाची वाळू: पाय कुठे ठेवायचा

ओआहू बेट, हवाई. जानेवारी. ईशान्येचा वारा, आभाळ मोकळं.

काएना पॉइंट म्हणजे ओआहूचं पश्चिम टोक. तिथे जायच्या वाटा दोन, दक्षिणेकडून केआवाउलाची आणि उत्तरेकडून मोकुलेइआची. कुठूनही धरली तरी एका बाजूचं अंतर साधारण 4 किलोमीटर. दोन्हीकडच्या हायवेचं नाव एकच, फॅरिंग्टन, त्यामुळे नकाशा बघणाऱ्याला गाडी आरपार जाईल असं वाटतं. ती जात नाही. टोकाचा भाग पायीच करायचा. एका बाजूने शिरून दुसरीकडे निघायचं म्हटलं तर गाडीला बेटाच्या आतून लांबचा वळसा पडतो. आलो त्याच वाटेने परतावं, हे बरं.

मोकुलेइआची बाजू सपाट आहे, पण पाऊस पडून गेला की नुसता चिखल. केआवाउलाची वाट जुन्या रेल्वेच्या भरावावरून जाते. 1946 च्या त्सुनामीने इथले रूळ उखडले आणि 1947 मध्ये गाडी कायमची बंद झाली. एका ठिकाणी भरावच समुद्राने खाल्लाय. तिथे डोंगराकडून जाणारी अरुंद वाट घ्यावी. खालून, खडकांवरून जायचा मोह होतो, पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या लाटा मोठ्या असतात आणि दहा मिनिटं शांत असलेला खडक अकराव्या मिनिटाला धुऊन निघतो.

झाडाची सावली कुठेच नाही, पाण्याचा नळ नाही. माणशी किमान 2 लिटर पाणी, उन्हाळ्यात 3. केआवाउलाकडून उजाडताच निघालं तर ऊन डोंगराच्या कड्यावरून उतरेपर्यंत थोडी सावली मिळते. वारा घाम टिकू देत नाही, म्हणून तहान लागल्याचं कळत नाही. ठरवून दर अर्ध्या तासाला प्यायचं. बूट बंद हवेत, कारण वाटेवर किआवेचे काटे पडलेले असतात. आपल्या वेड्या बाभळीच्याच भावकीतलं झाड. त्याचा काटा रबरी चपलेच्या आरपार जातो.

टोकाजवळ कुंपण लागतं. 2011 मध्ये पूर्ण झालं, लांबी साधारण 650 मीटर, उंची 2 मीटर. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टोक कापून काढलंय. जाळीची भोकं इतकी बारीक की उंदराचं पिल्लूही शिरणार नाही. खाली जाळी जमिनीत गाडलेली, म्हणजे उकरून येता येत नाही; वर पत्र्याची वळलेली झालर, म्हणजे चढून येता येत नाही. हे सगळं कुत्री, मांजरं, उंदीर आणि मुंगसं आतल्या पक्ष्यांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून. मुंगूस मूळचं आपल्याकडचं. भारतातून जमैकाला आणि तिथून 1883 मध्ये हवाईला आणलं, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. उंदीर रात्री फिरणारे, मुंगूस दिवसा. मग मुंगसाने जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी खाल्ली. योजना कागदावर किती छान दिसली असेल!

आत जायला एकामागे एक दोन दारं. पहिलं उघडून आत यायचं, ते पूर्ण लावायचं, कडी बसल्याची खात्री करायची आणि मगच दुसरं उघडायचं. मोठा गट असेल तर थोडेथोडे सोडावेत. पुढचा माणूस मागच्यासाठी दार धरून उभा राहतो, तो शिष्टाचार इथे महागात पडतो.

कुंपणापलीकडे वाळूच्या टेकड्या. ही वाळू नदीची नाही. पोवळी आणि शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणून फिकट. वारा ती सतत वाहून आणतो आणि झुडपं अडवतात. पुढच्या फळीत नाउपाका, जाड पानांचं. त्याचं फूल अर्धं फाडल्यासारखं दिसतं. त्याच्या पायाशी वाळू साठते, झुडूप वर सरकतं, पुन्हा वाळू साठते. बाकीची मंडळी ओळखीची निघतात. जमिनीलगत पसरलेली इलिमा ही आपल्या चिकण्याची जातभाई, पोहिनाहिना निर्गुडीची, आणि लाल-केशरी फुलांचा दुर्मीळ ओहाई हादग्याचा. कोकणातल्या पुळणीवरची मर्यादवेल तर हवाईच्या किनाऱ्यांवर जशीच्या तशी आहे, तिथे तिला पोहुएहुए म्हणतात.

झुडपाची मुळं तुटली की वाळू सुटते. चार माणसं एकाच जागी आडवाटेने चढली की खाच पडते, वारा खाचेत घुसतो, खाच रुंदावते आणि वरची वाळू मागे उडून जाते. 1983 मध्ये इथे राखीव क्षेत्र झालं त्याआधी जीप आणि मोटारसायकली थेट टेकड्यांवरून जात, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर चालू होतं. गाड्या अडवल्यावर झुडपं परत आली आणि मागोमाग पक्षी.

आखलेली पायवाट सोडायची नाही, त्याचं दुसरं कारण पायाखाली आहे. शिअरवॉटर पक्षी वाळूत बीळ करून राहतो, छत म्हणजे नुसती मुळांनी धरलेली वाळू. माणसाचा पाय पडला की ते आत कोसळतं. जानेवारीत ही बिळं रिकामी असतात, पण मार्चपासून पक्षी येतात, जूनच्या सुमाराला एक अंडं घालतात, पिल्लं नोव्हेंबरपर्यंत आत असतात. संध्याकाळी बिळातून तान्हं मूल रडल्यासारखा आवाज येतो.

आत्ता हंगाम अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचा. नोव्हेंबरात येतात, एकच अंडं, साधारण 65 दिवस नर-मादी आळीपाळीने उबवतात. जानेवारीअखेर पिल्लं बाहेर पडू लागतात, ती जुलैपर्यंत उडून जातात. पंखांचा पसारा 2 मीटरचा, पण उतरताना धडपडतो. पक्षी वाटेतच बसला असेल तर थांबायचं, त्याला उठवायचं नाही. चोचीची टकटक सुरू झाली की तुम्ही फार जवळ आहात.

खडकांजवळ काळपट ओंडका दिसला तर आधी तो मंक सील, म्हणजे किनाऱ्यावर येऊन झोपणारा समुद्री सस्तन प्राणी, आहे का बघावं. 15 मीटर लांब राहायचं, पिल्लू सोबत असेल तर 45. झोपलेला सील मेलाय असं समजून पाणी ओतणारे महाभाग असतात. तसं करू नये.

वाळूत चालताना पावलं आखूड ठेवावीत आणि टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवावा. लांब ढांग टाकली की मागचा पाय घसरतो आणि पोटऱ्या भरून येतात. मोज्यात गेलेली वाळू लगेच झटकावी, नाहीतर परतीच्या दगडी टप्प्यात फोड येणारच. बूट झटकायचे ते कुंपणाच्या आत शिरण्याआधी एकदा, कारण तळव्याच्या खाचांत बाहेरच्या तणाचं बी अडकलेलं असतं. कुत्र्याला राखीव क्षेत्रात परवानगी नाही, आणि गाडीत ठेवून यायला तिथे झाडाची सावलीही नाही. त्याला घरीच ठेवावं.