सहा हजारांची तीन वर्षं आणि वरचे चार महिने (माझा अनुभव)

सर तुम्हाला पगार किती पडतो हो, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो कितव्या वर्षाचा सांगू. झेडपीच्या शाळेत लागलेल्या नव्या मास्तरचा पगार हा एक आकडा नसतोच. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक, त्याला पगार नाही मानधन म्हणायचं, त्यात डीए म्हणजे महागाई भत्ता नाही घरभाडं नाही काहीच नाही, आणि ती तीन वर्षं नीट गेली की मग वेतनश्रेणी. नीट गेली म्हणजे कागदावर नीट गेली, हे मला नंतर कळलं.

मी डिसेंबर 2017 ची शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, 200 मार्कांची, दोन तासांची. निवड यादी लागली ऑगस्ट 2019 ला. म्हणजे परीक्षा देऊन पावणेदोन वर्षं नुसतं पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट, उघडायचं आणि बंद करायचं. यादीत नाव आल्यावर मात्र एकदम पळापळ, कागदपत्र पडताळणी, समुपदेशन, मेडिकल, हमीपत्र, सगळं विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं होतं. 16 सप्टेंबरला मी रुजू झालो आणि 21 ला आचारसंहिता लागली. घर मराठवाड्यात, शाळा कोकणात डोंगरावर, दोन शिक्षकी. गावात पेढे वाटले बाबांनी. पेढे घेऊन एक काका म्हणाले आता काय सरकारी जावई, चाळीस-पन्नास तर कुठं गेले नाहीत. बाबा गप्प बसले, मीपण. मानधन होतं महिना 6000 रुपये. प्राथमिकला 6, माध्यमिकला 8, ज्युनिअर कॉलेजला 9 हजार असा तेव्हाचा दर होता.

ते 6 हजार पण लगेच नाही मिळत बरं का. शालार्थमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन यंत्रणेत, नाव चढेपर्यंत बिल निघत नाही, आणि माझं आधारवरचं नाव एक, बँकेत दुसरं, पॅनवर वडिलांच्या नावात काना जास्त. ते दुरुस्त करेपर्यंत डिसेंबर उजाडला. मग एका दुपारी चौथीचा वर्ग चालू असताना मेसेज आला, 15,000 जमा. सप्टेंबरचे पंधरा दिवसांचे 3 आणि दोन महिन्यांचे 12. मी फळ्याकडे तोंड करून परत एकदा वाचला, भागाकार शिकवत होतो नेमका. त्यातले 4 हजार खोलीमालकाला, 5 हजार मित्राचे उसने, राहिलेले कुठं गेले आठवत नाही. व्यवसाय कर वगैरे काही कापत नव्हते तेव्हा, 6 हजारात कापायला होतंच काय. आधी मी एका क्लासमध्ये शिकवायचो तिथं यापेक्षा जास्त मिळायचे, हे आईला अजून माहीत नाही.

मग कोरोना. शाळा बंद, पण चेकपोस्टची ड्युटी, घरोघर सर्वे, ऑक्सिमीटर घेऊन वाड्या फिरणं, पेट्रोल स्वतःचं. त्याच काळात स्थळं पण यायची. मुलीकडच्यांना शिक्षण सेवक समजावून सांगणं हे मुलांना अपूर्णांक समजावण्यापेक्षा अवघड. एकांनी तर सरळ सांगितलं, तीन वर्षं झाली की फोन करा.

15 सप्टेंबर 2022 ला तीन वर्षं पूर्ण. मला वाटलं 16 तारखेपासून आपोआप होतं. काही आपोआप होत नाही, प्रस्ताव द्यावा लागतो. रुजू अहवाल, तीन वर्षांचे गोपनीय अहवाल, एमएस-सीआयटी, जात वैधता, चारित्र्य पडताळणी, सगळ्याच्या साक्षांकित प्रती, मुख्याध्यापक मग केंद्रप्रमुख मग पंचायत समिती मग झेडपी. मी ऑगस्टमध्येच दिला होता प्रस्ताव, शहाणपणा म्हणून. ऑक्टोबरमध्ये चौकशीला गेलो तर टेबलवाले म्हणाले तुमचा प्रस्ताव आलाच नाही. मी ओसी, म्हणजे आपल्याकडं ठेवायची पोच-प्रत, काढून दाखवली, त्यावर त्यांच्याच ऑफिसचा आवक शिक्का आणि नंबर. त्यांनी शिक्का उजेडात धरून बघितला, मग कपाटावरचा एक गठ्ठा खाली घेतला, झटकला, त्यात वरून तिसरा माझा. साहेबांना बोललेही नाहीत काही, मला चहा घेणार का विचारलं. ओसी नसती तर मी परत पहिल्यापासून. नवीन लागलेल्यांना एकच सांगतो, शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय त्या टेबलावरून हलू नका.

त्यात परत टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. त्या परीक्षेतला बोगस पास करण्याचा घोटाळा बाहेर आल्यावर 2013 नंतर लागलेल्या सगळ्यांची प्रमाणपत्रं पडताळणीला मागवली होती, त्याचा अहवाल येईना म्हणून फाईल थांबली. आमचं प्रमाणपत्र खरं, अभ्यास करून पास झालेलो, पण थांबायचं आम्ही. तोवर दर महिन्याला तेच 6 हजार चालू.

जानेवारी 2023 ला ऑर्डर निघाली, वेतनश्रेणी एस-10, मूळ वेतन 29,200, लागू 16 सप्टेंबर 2022 पासून. त्या महिन्याची स्लिप मी जपून ठेवलीय. मूळ 29,200, डीए 38 टक्क्यांनी 11,096, घरभाडं 9 टक्क्यांनी 2,628, वर प्रवास भत्ता. कापायला आता एनपीएसचे, म्हणजे पेन्शन योजनेचे, 10 टक्के आले, 4 हजार तिथंच गेले, व्यवसाय कराचे 200. हातात 39 च्या आसपास. काकांचा आकडा शेवटी जुळला म्हणा, सव्वातीन वर्षं उशिरा.

आणि आता गंमत. त्याच फेब्रुवारीत शासन निर्णय आला, शिक्षण सेवकाचं मानधन 6 वरून 16 हजार, 1 जानेवारी 2023 पासून. इतकी वर्षं न हललेला आकडा हलला तो नेमका मी बाहेर पडल्यावर. आमच्या ग्रुपवर कुणीतरी अभिनंदनाचे फटाके टाकले, आमच्या बॅचपैकी कुणी त्यावर अंगठापण दिला नाही. वाईट वाटलं असं नाही, पण महिना 10 हजार गुणिले 36 हा गुणाकार त्या रात्री केला मी.

2024 मध्ये आमच्या शाळेवर नवीन सर आले, शिक्षण सेवक. पहिला मेसेज आला तेव्हा मला येऊन दाखवला, सर 16 चे 15,800 च आले, 200 कुठं गेले. म्हटलं व्यवसाय कर, फेब्रुवारीत 300 जाणार, तयारी ठेव. मग त्याच्या सेवा पुस्तकाच्या नोंदी काढून बघितल्या, एक राहिली होती, मुख्याध्यापकांकडून तिथल्या तिथं घालून घेतली. सही वाळायची वाट बघत तो म्हणाला, सर तुमच्या त्या चार महिन्यांचा फरक मिळाला का. म्हटलं बिल तयार आहे, ग्रँट नाही म्हणतात. ओसी आहे माझ्याकडं.