तीन महिने, दोन मिनिटं आणि एक गाणं

ब्रेकअपवरच्या रोमँटिक कॉमेडीत एक जागा ठरलेली असते. नायिका अंथरुणात पडलेली, केसांचं टोपलं, नाक लाल. मैत्रीण येऊन पडदे सर्रकन उघडते. गिटार सुरू होते. मग धावायचे बूट, नवा हेअरकट, खोक्यात भरलेल्या त्याच्या वस्तू, खिडकीबाहेर बदललेला ऋतू, आणि गाणं संपता संपता ती आरशात बघून हसते. तीन महिने उरकले. पडद्यावर दोन मिनिटं.

मी एडिटिंग करते. जाहिराती, कंपन्यांचे व्हिडिओ, कधीमधी एखादी शॉर्टफिल्म. त्यामुळे या दोन मिनिटांचं गुपित मला तोंडपाठ आहे. जे दाखवायला कंटाळवाणं आहे, पण घडलं असं सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, ते सगळं मोंताजमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या शॉटच्या झटपट माळेत, कोंबायचं आणि वरून गाणं टाकायचं. गाणं असलं की सांधे दिसत नाहीत. मीही हेच करते, आणि त्याचे पैसे घेते.

पण ब्रेकअपच्या गोष्टीत खरा ऐवज तोच असतो की! कोणीतरी सोडून गेलं, हे पाच मिनिटांचं काम. नवं माणूस भेटलं, तेही तेवढंच. मधले जे दिवस असतात, जेव्हा काहीच घडत नाही आणि माणूस त्याच चार प्रसंगांभोवती घिरट्या घालत राहतो, त्यांचं काय? सिनेमावाले नेमके तेच दिवस गाण्यावर उडवून लावतात. म्हणून या जातीचा सिनेमा बघताना मी एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवते: मधल्या काळाचं याने काय केलं?

ही सवय माझं स्वतःचं मोडलं तेव्हा लागली. त्या दिवसांत माझ्या फोनने आपण होऊन आम्हा दोघांचा एक व्हिडिओ बनवून दिला. मागितला नव्हता. 'आठवणी' असं वर लिहिलेलं. समुद्र, घाटातलं वळण, त्याच्या चष्म्यावर पडलेलं ऊन, खाली पियानो. आधी डोक्यात आलं ते हे की तिसऱ्या फोटोवरचा कट बीटवर बसलेला नाही. मग रडू आलं. आणि मग जरा रागच आला, कारण त्या घाटातल्या वळणाआधी अख्खा रस्ताभर गाडीत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात घराची वाटणी करत होते. कपाट त्याचं, टेबल माझं. वळणावर गाडी थांबली, आम्ही उतरलो, खांद्याला खांदा लावून हसलो, फोटो काढला, परत गाडीत बसलो. फोनकडे फक्त तेवढंच फुटेज होतं.

धाकट्या बहिणीचं मत असं की यावर हसणं हाच इलाज. तिने सिनेमांची भलीमोठी यादी पाठवली आणि रोज रात्री 'बघितलास का?' म्हणून मागे लागायची. बरेचसे गिटारवाले निघाले. काही मात्र अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

यादीत सगळ्यात वर 'फरगेटिंग सारा मार्शल' होता, २००८चा. जेसन सीगलने तो लिहिला आणि नायकही तोच झाला. पीटर एका क्राइम सिरियलला संगीत देतो, त्याची प्रेयसी सारा त्याच सिरियलची नायिका. ती नातं संपवायला येते तेव्हा हा टॉवेलवर असतो, आणि ऐकता ऐकता टॉवेलही सुटतो. ती म्हणते, कपडे तरी घाल. तो घालत नाही. कारण कपडे घातले की हे खरंच संपलं! हा प्रसंग स्वतःवर ओढवला होता, असं सीगलने मुलाखतींत सांगितलं आहे. मला ते पटतं. इतकी मूर्ख आणि इतकी बरोबर गोष्ट बसल्याजागी सुचत नाही.

पुढे पीटर सगळं विसरायला हवाईला जातो, तर त्याच रिसॉर्टवर सारा नव्या प्रियकराबरोबर हजर. योगायोग भंपक आहे, पण त्यामुळे दिग्दर्शक निकोलस स्टोलरला मधला काळ उडवताच येत नाही. रोज सकाळी तीच बाग, तोच पूल, तीच दोघं समोर. रिसेप्शनवरून फोन येतो की कुणी बाई हमसून हमसून रडतेय अशी तक्रार आहे. पीटर म्हणतो, हो, मलाही ऐकू येतंय, वरच्या मजल्यावरून. तुम्हीच सगळ्यात वरच्या मजल्यावर आहात, असं उत्तर येतं. मी हसले, आणि मग उठून आपल्याही खिडक्या बंद आहेत का ते बघून आले.

पीटरला ड्रॅक्युलावर बाहुल्यांचा संगीत नाटकाचा प्रयोग करायचा आहे. हेही सीगलचं स्वतःचंच खूळ. बारमध्ये त्याला बळेबळे स्टेजवर ढकलतात आणि तो पियानोवर ड्रॅक्युलाचं रडगाणं गातो, ड्रॅक्युलाच्या आवाजात. ना धावायचे बूट, ना हेअरकट. अर्धवट पडलेलं एक विचित्र काम हळूहळू पुरं होत जातं, बस. सिनेमातल्या बाहुल्या जिम हेन्सनच्या कंपनीने बनवल्या, आणि पुढे सीगल आणि स्टोलर यांनीच २०११चा 'द मपेट्स' लिहिला. म्हणजे सिनेमातल्या रडगाण्यातून बाहेरही काहीतरी निघालं.

पण मी अडकले ती साराच्या एका प्रसंगात. आपलं कधी आणि कुठे बिनसलं, हे तो तिला विचारतो. तेव्हा ती सांगते की ती थेरपिस्टकडे गेली होती, आईशी बोलली होती, पुस्तकं वाचली होती, नाती टिकवायचे सेमिनारसुद्धा केले होते. त्याला काही पत्ता नव्हता. मिनिटभराचा प्रसंग असेल. बहिणीला मी म्हटलं, थांब, हा सिनेमा तर इथे आहे.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात सोडून जाणारी मी होते. बहिणीला हे माहीत होतं, पण तिच्या यादीतला जवळजवळ प्रत्येक सिनेमा ज्याला सोडलं त्याच्या बाजूने उभा होता. दुसऱ्या बाजूचे सिनेमे तिला सापडले नाहीत. मलाही फारसे सापडलेले नाहीत.

'(५००) डेज ऑफ समर' (२००९) पुन्हा बघितला तो याच नजरेने. मार्क वेबच्या या सिनेमात दिवसांचे आकडे पुढे-मागे उड्या मारत येतात, आणि एडिटर म्हणून तेच मला फार आवडतं, कारण ब्रेकअपनंतर डोकं असंच चालतं, क्रमाने नाही. फर्निचरच्या दुकानातला प्रसंग बघा. आधी दिसतो तो नातं उतरणीला लागल्याचा दिवस: टॉम गंमत करतो, समर हसत नाही, पुढे चालू लागते. त्यानंतर येतो आधीचा दिवस, जेव्हा याच दुकानात मांडलेल्या खोट्या घरात दोघं खोटा संसार खेळत होते आणि ती पोट धरून हसत होती. क्रम उलटा केल्यामुळे सुखाचा दिवस बघतानाच पोटात खड्डा पडतो. साधी युक्ती आहे, पण ती कुठे थांबवायची हे कळायला लागतं.

मग टॉमची छोटी बहीण त्याला सांगते की तुला फक्त चांगलं तेवढंच आठवतंय, पुढच्या वेळी मागे वळून बघशील तेव्हा नीट बघ. तो बघतो, आणि तेच सगळे प्रसंग पुन्हा येतात, फक्त या वेळी शॉट थोडा जास्त वेळ टिकतो. हसण्यानंतरचा समरचा चेहरा. सोडवून घेतलेला हात. या सिनेमावर भांडणं पुष्कळ होतात, समर वाईट की टॉम बावळट. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं की मला गंभीर काही नको आहे, म्हणजे तो वाद मिटायला हवा. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर जातं. त्या लांबवलेल्या शॉटमध्ये समर निघून जायच्या तयारीला लागलेली आहे, आणि तिचा सगळा मधला काळ त्याच्या शेजारी बसून चाललेला आहे.

'ॲनी हॉल' (१९७७) दिग्दर्शक वुडी ॲलनवरच्या आरोपांमुळे हल्ली बघावासा वाटत नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण माझ्या धंद्यात त्याची गोष्ट सांगितलीच जाते. शूटिंग झालं तेव्हा तो ब्रेकअपचा सिनेमा नव्हताच. कशातच आनंद न वाटणाऱ्या एका माणसाच्या डोक्यातली भटकंती होती ती, कामचलाऊ नावही त्याच अर्थाचं. एडिटर राल्फ रोझेनब्लम फाफटपसारा कापत गेले आणि ॲनीबरोबरची गोष्ट वर आली. १९७९च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिलं आहे. शेवटाकडे नायक आपल्या ब्रेकअपवर नाटक लिहितो, तेच संवाद, तीच भांडणं, फक्त नाटकातली ती शेवटी परत येते. तालीम बघताना त्याचं त्यालाच ओशाळं वाटतं. त्यानंतर कुठे ॲनीच्या आवाजातलं गाणं आणि जुन्या क्षणांचा मोंताज येतो, सगळं संपून गेल्यावर. मोंताज तिथे कुणाला बरं करत नाही, नुसतं आठवतो. म्हणून तो मला चालतो.

हिंदीत 'क्वीन'ला (२०१४) तोड नाही. लग्न अगदी तोंडावर असताना होणारा नवरा विजय ते मोडतो आणि रानी ठरलेल्या हनिमूनला एकटीच निघते. दोन-अडीच तासांचा जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे मधला काळ! पॅरिसच्या डिस्कोत ती प्यायलेली आहे, नाचता नाचता अंगातलं कार्डिगन काढते, डोक्यावर गरगरा फिरवते, आता ते भिरकावून देणार असं वाटतं, आणि ती ते नीट पर्समध्ये कोंबते. विजयने पूर्वी तिला नाचण्यावरूनच झापलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात ते कार्डिगन गर्दीत उडालं असतं आणि नायिका 'मोकळी' झाली असती. रानीला नाचायचंही आहे आणि कार्डिगन हरवायचंही नाही. कंगना राणावतला या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यातला निम्मा त्या पर्सचा. शेवटी रानी विजयला अंगठी परत देते, थँक यू म्हणते आणि चालू लागते. नवा नायक कुणी नाही. विजयबद्दल सोडून जाणाऱ्यांच्या संघटनेतर्फे मला काहीही म्हणायचं नाही. त्याने आमचं नाव खराब केलं.

'जब वी मेट'मध्ये (२००७) मधला काळ दाखवलेलाच नाही. गीतचे कित्येक महिने थेट गायब, आणि ती परत दिसते ती विझलेल्या चेहऱ्याने. हा कट मला मान्य आहे, करीना कपूरच्या चेहऱ्यावर सगळं फुटेज आहे. तिला झिडकारणाऱ्या अंशुमनला फोनवर शिव्या घालायचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहेच. 'द हॉलिडे' (२००६) गुळमट आहे, पण केट विन्स्लेटच्या आयरिसला तिचा जुना प्रियकर जॅस्पर फोन करत राहतो, लिखाण वाचायला पाठवत राहतो, पूर्ण सोडतही नाही आणि धरतही नाही, एवढं मात्र त्यात अस्सल आहे. जुन्यात 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) बघा. घटस्फोट मंजूर होतो पण लागू व्हायला नव्वद दिवस बाकी, आणि नवरा-बायको ते दिवस एकमेकांची नवी जमू घातलेली लग्नं मोडण्यात घालवतात. बहिणीने तो दहा मिनिटांत बंद केला. काळा-पांढरा आहे म्हणे.

तर मला हवा असलेला सिनेमा अजून कोणी काढलेला नाही. तो ब्रेकअपच्या वर्षभर आधी सुरू होईल. घर एकच, माणसं दोन, आणि त्यातलं एक दुसऱ्याला गुपचूप विसरायला लागलेलं. सारा लपून सेमिनारला जाते, तिथे शेजारच्या माणसाचा हात हातात घेऊन डोळ्यांत बघायला लावतात, ती घरी येते आणि 'कुठे होतीस?' याला काहीतरी थाप मारते. मग टेबल कुणाचं आणि कपाट कुणाचं याची यादी चुकून किराणाच्या यादीखाली लिहिली जाते, आणि ती यादी घेऊन तो दुकानात जातो. यात कॉमेडी ठासून भरलेली आहे. शेवट ब्रेकअपवर होईल, आणि प्रेक्षकाला माहीत असेल की तिचं सगळं आधीच रडून झालेलं आहे, त्याचं आता सुरू होणार.

कोणी काढणार असेल तर एडिट मी करून देईन. पैशांचं नंतर बघू. गिटार मात्र चालणार नाही.